बारा वर्षं अडकून पडलेलं केटी-100: बोर करण्याआधी ते का अडकलं ते शोधा

परभणीहून तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. पुण्याच्या भंगारातून एक जुनी गो-कार्ट तुमच्याकडे आली. इंजिन यामाहा केटी-100. बारा वर्षं शेडमध्ये पडून होती, पिस्टन अडकलाय. तुमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो, ‘ब्लॉक बोर करू, नवा पिस्टन-रिंग टाकू, दोन दिवसांत चालू करून देतो.’ बोर करणं म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं. करून घ्यावं का, आणि आरएक्स-100 मोटारसायकलचं सामान बसेल का?

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते लहान आहे. बसणार नाही. आरएक्सचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 50 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तोही 50. केटी-100चा बोर 52 आणि स्ट्रोक 46. दोन्ही शंभर सीसीच्या आतबाहेरचीच, दोन्ही यामाहाचीच, पण आतलं काहीच एकमेकांना लागत नाही. आरएक्सला रीड व्हॉल्व (मिश्रण आत सोडणारी पातळ झडप) आहे, गिअरबॉक्स आहे. केटीला यातलं काही नाही. त्याचं इंधनाचं दार पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच बंद करतो.

पहिल्याचं उत्तर: आत्ता नको. तुमचा मेकॅनिक फसवतोय असं अजिबात नाही. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोकला आपण सगळे वर्षानुवर्षं हेच करत आलो. चेतकचा धूर वाढला, बोर केला, पिस्टन टाकला, गिऱ्हाईक खूश. पण चेतकचा पिस्टन झिजून संपायचा आणि कार्टचा पिस्टन बहुतेक वेळा कशाने तरी मरतो. ते कारण आत तसंच ठेवून नवा पिस्टन टाकला, तर तोही त्याच वाटेने जातो.

हे मी पैसे घालवून शिकलो. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, माझ्याकडे पहिलं कार्ट इंजिन आलं तेव्हा मी पंधरा वर्षं चेतक आणि लुना उघडत होतो. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्यामागे आमच्या गावात लेथ, ग्राइंडिंग, प्रेसवाले गल्लोगल्ली उभे राहिले, त्यामुळे बोरिंगला कधी अडलं नाही. मी ते इंजिन सुंदर बोर करून बांधलं. वीस मिनिटं चाललं आणि जाम झालं. पुन्हा बोर, पुन्हा पिस्टन. या वेळी अर्धा तास. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा तिन्ही पिस्टन बाकावर शेजारी शेजारी ठेवले, आणि तिन्हींवर ओरखडे एकाच जागी होते, सायलेन्सरच्या बाजूला. मॅग्नेटच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचं ऑइल सील, म्हणजे क्रँकभोवतीचं रबरी कडं, कडक होऊन हवा ओढत होतं. शंभर रुपयांच्या आतली वस्तू होती ती.

म्हणून सगळ्यात आधी पिस्टन बाहेर काढा आणि तो फेकू नका. काढताना हातोडा नको. प्लगच्या भोकातून आणि सायलेन्सरच्या तोंडातून डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओता, चार-पाच दिवस राहू द्या, रोज थोडं भरत चला. मग हीट गनने ब्लॉक बाहेरून गरम करा आणि मॅग्नेटच्या नटावर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. जोर लावून एकाच दिशेने फिरवलं तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकतो. हेड काढल्यावर वरून मारायची वेळ आलीच, तर मध्ये लाकडाचा गुळगुळीत ठोकळा ठेवून हळू.

आता पिस्टन पुसून उन्हात नेऊन बघा. चारी कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील, तर इंजिन गार असताना एकदम दाबलं गेलं: पिस्टन लवकर फुगला, ब्लॉक मागे राहिला. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील, तर मिश्रण सुकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, किंवा उष्णता जास्त होती, आणि तिथे हवेची गळती हा पहिला संशय. इंधन येतं त्या बाजूला ओरखडे म्हणजे ऑइल कमी पडलं. डोक्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी असेल, तर इंजिन ठोकत होतं, म्हणजे डिटोनेशन, मिश्रण स्फोटासारखं पेटणं. कॉम्प्रेशन किंवा टायमिंग बघावं लागेल. मध्यावर भोक असेल तर चुकीचा प्लग, सुकं मिश्रण किंवा दोन्ही. आणि यातलं काहीच नसून नुसता लालसर गंज असेल, तर तुमचं नशीब चांगलं. चालतं इंजिन कुणीतरी ठेवून दिलं आणि पावसाळ्यांनी ते अडकवलं. पण मग खाली क्रँकमध्येही तोच गंज आहे हे धरून चाला.

हवेच्या गळतीवर मी इतका का अडतो ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. चेंबर म्हणजे पिस्टनखालची, क्रँक बसतो ती पेटी. फोर-स्ट्रोकची चेंबर म्हणजे ऑइलची टाकी. टू-स्ट्रोकची चेंबर म्हणजे पंप. पिस्टन वर गेला की चेंबर कार्बोरेटरमधून ओढते, खाली आला की तेच मिश्रण दाबून वर ढकलते. क्रँकचं सील, बुडाचं पॅकिंग, चेंबरचा जोड, यातलं कुठलंही गळलं की तिथून कोरी हवा आत येते. मिश्रण सुकं झालं की उष्णता वाढते. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणून पेट्रोल कमी पडलं की त्याच क्षणी ऑइलही कमी पडतं. दोन्ही मार एकदम बसतात. त्यात कार्टला गिअर नाहीत, सरळ रस्ता आला की इंजिन 12,000 फेऱ्यांच्या पुढे जातं. 12,000 म्हणजे सेकंदाला 200 फेऱ्या. 46 मिमीच्या स्ट्रोकला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 18 मीटरच्या वर होतो. आरएक्स 7,500 वर साडेबाराच्या आसपास असते. जी गळती आरएक्सला वर्षभर नुसती घरघर देईल, ती कार्टला मैदानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या चकरेत मारते.

ही गळती तपासायला महागडं यंत्र लागत नाही. बीपी मोजायचं डायलवालं मशीन घ्या. आमच्याकडे घाटी रुग्णालयाच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मिळतं, परभणीतही मिळेल. त्याचा डायल पाऱ्याच्या 300 मिमीपर्यंत जातो आणि 300 मिमी म्हणजे साधारण 0.4 बार. टू-स्ट्रोकची चेंबर तपासायला लागतो तेवढाच दाब. देवाने जणू आपल्यासाठीच बनवलंय. दंडाला बांधायची पट्टी काढून टाका, फुगा आणि डायल ठेवा. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या तोंडाला पाच मिमीच्या अॅल्युमिनियम पट्टीचे तुकडे, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर, नट-बोल्टने घट्ट. एका पट्टीला भोक पाडून सायकलचा वाल्व बसवा, त्याला नळी.

पिस्टन पार खाली ठेवून सायलेन्सरच्या बाजूने हवा भरा. या स्थितीत ब्लॉक, हेड, बुडाचं पॅकिंग आणि दोन्ही सील एकाच पोकळीत येतात, पण कार्बोरेटरचं दार पिस्टनने बंद असतं. म्हणून नंतर पिस्टन वर नेऊन कार्बोरेटरच्या बाजूनेही एकदा भरा. ही दुसरी तपासणी बरेच जण विसरतात आणि मॅनिफोल्डचं फाटकं पॅकिंग तसंच राहतं. 250 ते 300च्या मध्ये ठेवा, त्यापुढे नको, सीलचा ओठ उलटतो. मी तीन मिनिटांत वीस मिमीपेक्षा जास्त पडू देत नाही. पडलं तर साबणाचं पाणी लावा, फेस स्वतः जागा दाखवतो. बारा वर्षं पडलेल्या इंजिनाची सीलं मात्र तपासणीत पास झाली तरी बदला. रबर कडक झालेलं असतं, आणि सील दाबाला धरून ओढीला सोडतं असंही होतं.

तर चेंबर उघडणं आलंच. आणि उघडलीच आहे तर क्रँक.

केटीचा क्रँक तीन तुकड्यांचा, दाबून बसवलेला: दोन पाळ्या (जड चकत्या) आणि मध्ये मोठी पिन, तिच्यावर सुयांचं बेअरिंग. रॉड आडवा डावीकडे-उजवीकडे हलला तर घाबरू नका, ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. पण रॉड सरळ वर-खाली ओढून टकटक जाणवली, अगदी केसाएवढी, तर पिन गेली. पेट्रोलने धुऊन, सुकवून, बोटाने फिरवून कानाजवळ धरा. गंजलेलं बेअरिंग खरखर बोलतं. तुमच्या इंजिनात मी रॉड किट बदलायचं धरूनच खर्च मांडेन.

क्रँक प्रेस करायचं काम घरी करू नका. प्रेस आहे एवढ्यावर कुणाच्याही हातात देऊ नका. तुमच्या भागातला चांगला टूलरूमवाला किंवा आमच्या चिकलठाण्या-वाळूजकडचा जुना माणूस शोधा आणि एकच प्रश्न विचारा: ‘सेंटरला लावून डायलवर किती काढून द्याल?’, म्हणजे फिरताना क्रँक किती डगमगेल. तो 0.02 मिमी म्हणाला तर सामान त्याच्यापुढे ठेवा. ‘चालतंय, बघून बसवू’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. उघडण्याआधी दोन्ही पाळ्यांवर पट्टी धरून एक आडवी रेघ मारून ठेवायची आणि रॉडच्या बाजूची फट फिलर गेजने मोजून वहीत लिहायची. जोडताना दोन्ही तशाच यायला हव्यात. मग दोन्ही टोकांना डायल लावून, तांब्याच्या हातोड्याने पाळीवर नेमका टोला देत देत सरळ करायचं. या कामात हात बसलेला माणूस बघणं ही सुखाची गोष्ट आहे. काटा हलतो, तो एक टोला देतो, काटा थांबतो.

मेन बेअरिंग घेताना नुसता नंबर बघू नका, नंबरापुढचं सी-3 किंवा सी-4 सुद्धा जुन्यावरून जुळवा. ती आतली मोकळीक असते. इतक्या फेऱ्यांना आणि उष्णतेला साधं बेअरिंग आवळतं. बसवताना चेंबर विजेच्या शेगडीवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो उडाला पाहिजे, बस. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असेल तर ते स्वतःच्या वजनाने जागेवर पडतं. हातोडा लागला तर काहीतरी चुकतंय. थांबून पुन्हा तापवा.

इथपर्यंत आल्यावर मग बोर. आणि इथे एक क्रम उलटा करायचा असतो: आधी पिस्टन हातात घ्यायचा, मग बोरिंगवाल्याकडे जायचं. आपल्याकडे आरएक्सचे पिस्टन 0.25, 0.50 अशा ओव्हरसाइजमध्ये येतात, म्हणून बोरिंगवाला आधी बोर करून मग पिस्टन मागवतो. कार्टचे पिस्टन फार बारीक टप्प्यांनी मिळतात, त्यामुळे कमीत कमी लोखंड काढून काम भागतं. जुन्या ब्लॉकची स्लीव्ह, म्हणजे आतली लोखंडी नळी, पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक शंभरांश मिमी जपा. पिस्टनचं माप स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) तळापासून थोडं वर, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने घ्या. फट किती ठेवायची? बोरिंगवाला सवयीने आरएक्सची ठेवेल, चार-पाच शंभरांश. केटी हवेवर गार होणारं आणि सतत वरच्या फेऱ्यांवरचं इंजिन आहे. त्याला मी 0.09 ते 0.10 मिमी ठेवतो, म्हणजे जुन्या लेथवाल्यांच्या भाषेत साडेतीन ते चार थाउ (इंचाचा हजारावा भाग). हे त्याला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरतं. नव्या पिस्टनसोबत चिठ्ठी आली असेल तर माझा आकडा सोडा, तिच्यावरचा धरा.

बोर झाल्यावर दारांच्या कडा धारदार राहतात. रिंग त्या दारांवरून सेकंदाला शेकडो वेळा जाते आणि धारेला अडकली तर तुटते. बारीक ऑइल स्टोनने प्रत्येक दाराची कड हाताने मोडा. बोरिंगवाले हे करत नाहीत, करतील असं समजूही नका. मग होनिंगच्या, म्हणजे दगडाने आतून घासून पाडलेल्या, तिरप्या रेघा. नंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने ब्रशने घासा. पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर आलं की लगेच ऑइल चोळा, नाहीतर दहा मिनिटांत गंज धरतो. रिंग एकटी ब्लॉकमध्ये सरळ बसवून तोंडाची फट बघा, 0.2 ते 0.3 मिमी असली की झालं. गजन पिनचे, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचे, सर्क्लिप (तिला जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) नवेच वापरा. जुना सर्क्लिप वाचवून पूर्ण ब्लॉक घालवलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

हेड बसवल्यावर, प्लग लावण्याआधी, प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार ब्लॉकच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, क्रँक एकदा फिरवा आणि चपटं झालेलं टोक मोजा. ती पिस्टन आणि हेडमधली फट. एक मिमीच्या आसपास असेल तर शांत झोपा. फार कमी भरलं तर बुडाला जाड पॅकिंग घ्या.

कार्बोरेटर वॉल्ब्रोचा, पडद्याचा. त्यात फ्लोट नसतो. पडदे आणि पॅकिंगचं किट सरळ नवं घाला. बारा वर्षांचा पडदा बोटाने दाबल्यावर कडकड वाजतो. पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईची जागा तपासायला पेट्रोलच्या नळीत तोच बीपीचा फुगा पुरत नाही, तिथे दाब जास्त लागतो. सायकलचा पंप आणि टायरचा गेज घ्या. सुईवर पेट्रोलचा एक थेंब टाकून हळूहळू दाब वाढवा. ती एकदम उघडली पाहिजे आणि थोड्या खालच्या दाबावर पुन्हा बसून घट्ट धरून राहिली पाहिजे. हळूहळू गळत राहिली तर सुई आणि पडदे दोन्ही वाया.

पेट्रोलचं मात्र नीट ऐका, कारण हे इंजिन घडलं तेव्हा आजचं पेट्रोल नव्हतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून मिश्रण ठरवणारी बाहेरची सुई तशीच ठेवली तर मिश्रण सुकं पडतं. जुन्या पुस्तकातली सुईची सेटिंग तशीच लावू नका, त्यापेक्षा ओली सुरुवात करा आणि प्लग बघत बघत आवळा. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं. फिरवून झालं की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.

ऑइलमध्ये काटकसर करू नका. शेवटच्या काळातल्या चेतकला लिटरमागे 20 मिली पुरायचं. केटीला मी 50 मिली देतो, म्हणजे वीसास एक. नवं बांधलेलं असताना तर नक्कीच. जुने कार्टवाले एरंडेलावर जीव टाकतात, आणि त्यात तथ्य आहे. तापलेल्या पिस्टनवर एरंडेलाचा थर शेवटपर्यंत टिकतो. कॅस्ट्रॉल हे नावच मुळात एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून आलं. पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात किंवा घाण्यावर मिळतं ते एरंडेल घालू नका. रेसिंगसाठी शुद्ध केलेलं वेगळं असतं. आणि तेही रिंगच्या खाचेत चिकट राळ धरतं, वेळोवेळी उघडून साफ करावं लागतं. रोज उघडायची तयारी नसेल तर चांगलं सिंथेटिक, एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक ऑइलच्या जासो या जपानी मानकातला दर्जा) घ्या.

आपल्या हवेबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. सगळ्यांना वाटतं की मे महिन्यात, 42-43 अंशांत, इंजिन जाम होईल. त्या उन्हात थंडावा कमी मिळतो हे खरं, पण हवा विरळ असते, मिश्रण आपोआप ओलं राहतं. माझ्याकडे जाम होऊन आलेली इंजिनं जास्त करून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळची. गार हवा दाट, उन्हाळ्यात बसवलेली सुई तशीच, मिश्रण सुकं, त्यात पोराने इंजिन गरम न करता दाबलेलं. थंडी पडली की सुई थोडी उघडा. आणि फिल्टरला फोम असू द्या, ऑइल लावलेला. काळ्या मातीची धूळ कार्बोरेटरमधून गेली तर पिस्टन-ब्लॉकला लॅपिंग पेस्टसारखी घासते.

पहिल्यांदा चालू करताना तीन वेळा गरम-गार. पाच मिनिटं हलक्या फेऱ्यांवर, मग ब्लॉकला हात लावता येईल इतकं नव्हे, पूर्ण गार होऊ द्या. तिसऱ्या गारव्यानंतर हेडचे नट पुन्हा आवळा. त्यानंतर अर्धा तास मैदानावर, पण फेऱ्या वर-खाली करत, एकाच जागी ताणून नको. आणि सरळ रस्त्याच्या शेवटी पाय काढताना एक जुनी सवय लावून घ्या: पाय काढता काढता कार्बोरेटरच्या तोंडावर क्षणभर तळहात ठेवायचा. चाकं इंजिनाला अजून हजारो फेऱ्यांनी फिरवत असतात आणि थ्रॉटल बंद असल्याने पेट्रोलही नाही, ऑइलही नाही. हात ठेवला की ते जास्तीचं ओढतं आणि पिस्टनला ओलावा मिळतो. पाय काढल्यावर फेऱ्या चटकन खाली येत नसतील, अडकल्यासारख्या वर राहत असतील, तर तिथेच बंद करा आणि बीपी मशीन पुन्हा लावा.

तुमच्या मेकॅनिकला हे सगळं दाखवा. बोर त्यालाच करू द्या, पिस्टन आल्यावर, चिठ्ठीसकट. तोवर जुना पिस्टन आणि त्याची ओरखडे असलेली बाजू उन्हात धरून काढलेले दोन स्पष्ट फोटो मला पाठवा. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते दिसलं की सील, सुई का ऑइल, कुठून सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल.